खलपुरुषाचे काम

मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर मीरा-भाईंदर हे शहर वसले आहे. तेथील काय किंवा इतर गावांतील काय, मुलांना पराक्रमी वीरांच्या चित्रकथा फार आवडतात. एक वीर डोळ्यांतून तेज फेकतो, दुसरा पंख पसरून आकाशात उडतो, तिसरा हवेतून बर्फ निर्माण करतो. मात्र अशा वीरांसमोर उभा राहणारा खलपुरुष दुबळा असेल, तर त्यांचा पराक्रम दिसावा कसा? गुडघाभर पाण्यात पोहणाऱ्याची परीक्षा होत नाही.

वर सांगितलेले तीन वीर ‘एक्स-मेन’ या अमेरिकन चित्रकथामालेतील आहेत. लेखक स्टॅन ली व चित्रकार जॅक कर्बी यांनी ती १९६३ मध्ये सुरू केली. झेवियर नावाच्या गुरूचे पाच तरुण शिष्य हे तिचे नायक; आणि लोखंडाला मनासारखे नाचवणारा मॅग्नेटो हा त्यांचा पहिल्या अंकापासूनचा शत्रू. आरंभी तो केवळ सत्तेचा लोभी होता. पुढे ख्रिस क्लेअरमाँट या लेखकाने त्याला भूतकाळ दिला. बालपणी त्याने हिटलरच्या छळछावणीतील यातना भोगल्या होत्या. वेगळे असणाऱ्यांना जग सुखाने जगू देणार नाही, ही त्याची भीती त्या अनुभवातून उपजली होती. त्याचे दुःख खरे होते. त्याचा मार्ग मात्र अन्यायाचा होता. १९८१ च्या एका अंकात, आपल्या प्रहाराने एक कोवळी मुलगी कोसळलेली पाहून तो स्वतःच हादरतो. अशा शत्रूला केवळ बाहुबलाने उत्तर देता येत नाही. आपला मार्ग अधिक चांगला का, हेही नायकांना सिद्ध करावे लागते.

पाच वीर आणि एक बलाढ्य खलपुरुष ही जुळणी मराठी रंगभूमीने मात्र त्याच्या ५६ वर्षे आधीच पाहिली होती. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ मध्ये रंगभूमीवर आणले. त्याचे कथानक महाभारताच्या विराटपर्वातील आहे. बारा वर्षांचा वनवास संपवून पांडव विराट राजाच्या नगरीत वेष पालटून राहत होते. धर्मराज कंक झाला, भीम बल्लव नावाचा आचारी झाला, आणि द्रौपदी सैरंध्री या नावाने राणीची दासी झाली. अज्ञातवासाच्या या एका वर्षात कोणी ओळखले, तर पुन्हा बारा वर्षे वनवास ठरलेला होता.

कीचक हा राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती. विराट नावाचाच राजा. खरी सत्ता कीचकाची. तो भेकड नव्हता, मूर्खही नव्हता. शौर्याने मिळालेल्या अधिकाराचा त्याला मद चढला होता. दासीलाही मान असतो, हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याने सैरंध्रीचा अपमान केला, तेव्हा सभा स्तब्ध राहिली. ज्याने न्याय द्यायचा, तो राजाच त्याला भीत होता.

आता पांडवांनी काय करावे? धर्मराज धीर धरण्यास सांगतो. कारण उतावळेपणाने सर्वांचाच घात होईल. भीम म्हणतो की, द्रौपदीचा मान राखता येत नसेल, तर ते राज्य मिळवून काय करायचे? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. एरवी हा मतभेद झाकलेला राहिला असता. कीचकाने तो उघड्यावर आणला. खलपुरुषाचे खरे काम हेच होय. अखेर रात्रीच्या अंधारात भीम कीचकाचा वध करतो.

प्रेक्षकांना या कथेत आपलाच देश दिसला. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता, आणि १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती. त्याचे नाव नाटकात कोठेही नव्हते. तरी कीचकात लोकांनी कर्झन पाहिला, द्रौपदीत पारतंत्र्यातील मातृभूमी पाहिली, धर्मराजात मवाळ व भीमात जहाल पाहिले. मवाळ-जहालांचा तोच वाद त्या वर्षी डिसेंबरमध्ये सुरत येथे विकोपाला गेला आणि राष्ट्रीय सभा दुभंगली.

सरकारलाही या नाटकाचा अर्थ कळल्यावाचून राहिला नाही. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचे लेखक व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या ग्रंथात त्याची मुद्दाम दखल घेतली, आणि १९१० मध्ये सरकारने प्रयोगांवर बंदी घातली. कागदावरच्या एका खलपुरुषाला एवढे मोठे साम्राज्य भ्यावे, यातच त्या भूमिकेचे सामर्थ्य दिसून येते.

आज मीरा रोडला लता मंगेशकर यांच्या नावाचे नाट्यगृह उभे आहे. तेथे पडदा वर जावो, की घरी चित्रकथेचे पान उलटो, खलपुरुष समोर आला म्हणजे नुसता त्याचा राग करून थांबू नये. त्याचे बळ कशात आहे, हे शोधावे. कीचकाचे बळ जितके त्याच्या बाहूंत होते, तितकेच ते विराटाच्या सभेच्या मौनात होते.

अभ्यास
१. कीचकाच्या वागण्याने पांडवांमधील कोणता मतभेद उघड झाला?
२. मॅग्नेटोचे दुःख खरे, पण मार्ग अन्यायाचा, असे लेखात का म्हटले आहे?
३. विराटाच्या सभेतील एकजण त्या वेळी बोलला असता, तर काय घडले असते? दहा ओळी लिहा.