मधल्या पुस्तकाबद्दल

येलहंका न्यू टाउन,
बेंगळुरू

चि. मुक्ता हिस,


तुझ्या कादंबरीच्या दुसऱ्या भागाचा कच्चा खर्डा वाचून झाला. तुझ्या मामीने माझ्या आधीच संपवला आणि तिचं मत एका ओळीत सांगून टाकलं : ‘पोरगी सगळं तिसऱ्या भागासाठी राखून ठेवतेय.’ मी तेच लांबण लावून सांगणार आहे. निवृत्त माणसाला तेवढी मुभा असते.

तू चिठ्ठीत विचारलं आहेस, की तीन भागांच्या कादंबरीत मधला भाग थोडा सैल असायचाच ना? नसायचा. ही समजूत कुठून आली, त्याचा मला अंदाज आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मधला खंड तू जेवणखाण विसरून वाचला होतास. त्याला धड सुरुवात नाही की शेवट नाही, तरी तो चालला, मग माझा का नाही चालणार, असं तुला वाटलं असेल. पण टोलकीनने तीन कादंबऱ्या लिहिल्याच नव्हत्या. ग्रंथ एकच होता; महायुद्धानंतर कागद महाग, छपाईचा खर्च अफाट, म्हणून १९५४-५५ मध्ये तो तीन खंडांत निघाला. तुझं तसं नाही. तुझा पहिला भाग छापून लोकांच्या हातात गेला आहे आणि दुसऱ्याचे पैसे ते वेगळे मोजणार आहेत.

मधला भाग कसा असावा हे बघायला इतकं लांब जायचीही गरज नाही. रामायणाची कांडं सात. चौथं किष्किंधा, म्हणजे बरोबर मधलं. तुंगभद्रेपलीकडचं आनेगुंदी तू पाहिलं आहेस. तिथले लोक हीच किष्किंधा म्हणून दाखवतात. त्या कांडात काय काय नाही ते आधी बघ. सीता समोर नाही. रावण नाही. लंकेचं युद्ध अजून लांब आहे. नायक पावसाळ्याचे चार महिने डोंगरावर बसून काढतो. तुझ्या हिशेबाने हे कांड कंटाळवाणं व्हायला हवं. पण मारुती कथेत पहिल्यांदा येतो तो इथे. राम वालीला आडून बाण मारतो तो इथे, आणि मरता मरता वाली त्याला जाब विचारतो. तो वाद अजून मिटलेला नाही. राज्य हाती येताच सुग्रीव दिलेला शब्द विसरतो. लक्ष्मण संतापून चालून येतो, तेव्हा त्याला शांत करायला पुढे होते ती तारा, वालीची बायको. आणि दक्षिणेकडे सीतेला शोधायला निघालेल्या तुकडीचा म्होरक्या कोण, तर अंगद. ज्याच्या बापाला रामाने मारलं, तो! मुदत उलटून गेल्यावर समुद्राकाठी हाच अंगद म्हणतो, की परत जाऊन चुलत्याच्या हातून मरण्यापेक्षा इथेच उपाशी मरू.

एक मरण कथा किती लांबवर वाहून नेते ते पाहिलंस? आता तुझा खर्डा उघड. पहिल्या भागाच्या शेवटी तुझ्या नायिकेने, केतकीने, आपलंच गाव नकाशावरून पुसलं. ते वाचून मी रात्री पुस्तक मिटून नुसता बसलो होतो. दुसऱ्या भागात ती चोरीला गेलेली शाई शोधत रानोमाळ फिरते, आणि तिच्याबरोबर कोण आहे? त्याच पुसलेल्या गावातला मुलगा. त्याचं घर, आजी, गोठा, सगळं तिच्या एका फटकाऱ्यात गेलं, आणि तू त्याच्या तोंडी विनोद घालतेस! तो तिच्याशी भांडत कसा नाही? एखाद्या रात्री तिची लेखणी चोरून पळावं, असं त्याला वाटत कसं नाही? तुझी सगळी कादंबरी त्या पोराच्या पोटात दडली आहे आणि तू रानात शाई शोधते आहेस.

शेवटच्या प्रकरणात तू एकदम तिघांना मारलं आहेस. मला एकाचंही वाईट वाटलं नाही. हॅरी पॉटरचंही सातातलं चौथंच पुस्तक घे. त्यात सेड्रिक मरतो आणि मालिकेचा रंगच पालटतो. त्या मरणाची सावली पुढच्या पुस्तकांवर लांबवर पडते. तूही एकालाच मार, पण पुस्तकाच्या मध्यावर मार, म्हणजे उरलेल्या पानांना ते सोसावं लागेल.

पहिली चाळीस पानं तू मागच्या गोष्टीची उजळणी करण्यात घालवली आहेस. ती काढून टाक. वाचनालयात मालिकेचा पहिला भाग नेहमी कुणीतरी नेलेला असतो. पुष्कळ मुलं मधूनच शिरतात आणि त्यांचं काही अडत नाही. आमच्या बेंगळुरूच्या रूपा पै यांनी ‘तारानॉट्स’ लिहिली, २००९ पासून. तुझ्याहून लहान वाचकांसाठी आहे, म्हणून नाक मुरडू नकोस. शाप अझुरने पळवलेले ३२ तारे सोडवायला झ्वाला, झार्पा आणि तुफान ही तीन मुलं निघतात. पुस्तकं आठ. मोठा धागा शेवटपर्यंत जातो, पण प्रत्येक पुस्तकाचं आपलं वेगळं काम असतं आणि ते त्याच पुस्तकात पुरं होतं.

आमच्या इथल्या रेल्वेच्या चाक कारखान्यात मी जन्म काढला, तेव्हा एवढं सांगतो : दोन चाकांच्या मधला ॲक्सल चाकांच्या भरवशावर पास होत नाही. त्याची अल्ट्रासॉनिक तपासणी वेगळी होते आणि आत चीर निघाली तर तो बाद.

आणखी एक. तुझा दुसरा भाग पहिल्या पानापासून केतकीच्याच खांद्यावरून का बघायचा? अर्सुला ले ग्विनचं ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ मिळवून वाच. १९७१ चं आहे, ‘अर्थसी’ मालिकेतलं दुसरं. पहिल्या पुस्तकाचा नायक गेड इथे बराच वेळ दिसतच नाही. आपण तेनार नावाच्या मुलीबरोबर जमिनीखालच्या काळोख्या वाटांमधून हिंडत राहतो, आणि गेड येतो तो तिच्या नजरेला चोर म्हणून. ज्याला आपण पुरते ओळखतो, तो परक्याच्या डोळ्यांनी पुन्हा नवा होतो. तुझ्या कथेतल्या शत्रूच्या किल्ल्यात दिवे लावणारी एक मुलगी आहे, तिला तू दीड पान दिलं आहेस. तिच्या डोळ्यांनी केतकी कशी दिसत असेल? घरंदारं पुसत येणारी बया!

आणि केतकीचा बाप? ‘दक्षिणेकडे गेला’ एवढं लिहून तू मोकळी झालीस. दक्षिणेकडे गेलेल्याला विसरायची आपली ही जुनीच खोड. हे येलहंका म्हणजे केंपेगौडांचं मूळ ठाणं. इथूनच पहिल्या केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास बेंगळुरू वसवलं. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे आले, शहर घेतलं आणि पुढे ते त्यांच्या जहागिरीत आलं. जिजाबाई आणि लहानगे शिवाजीराजे काही काळ इथे येऊन राहिले. आपल्या पुस्तकांत हे दोन ओळींत आटपतं, कारण आपल्याला तोरण्यावर पोचायची घाई. पण शहाजीराजे नंतरही याच मुलखात लढत होते. १६६४ मध्ये होदिगेरेला शिकारीत घोड्यावरून पडून गेले. त्यांचे पुत्र व्यंकोजी इथूनच तंजावरला गेले. आपण शिवनेरीहून रायगडाकडे बघत होतो, तेव्हा इथे त्याच घराण्याची दुसरी आख्खी कादंबरी चालली होती. तेव्हा केतकीचा बाप दक्षिणेत कुणाच्या चाकरीत आहे, कुणाचे नकाशे काढतो आहे, हे लिहून काढ. छापायचं की नाही ते नंतर बघू. पण लेकीने गाव पुसलं ही बातमी त्याला कधी आणि कुणाकडून कळते, एवढं तुला माहीत असायलाच हवं.

शेवट लटकता ठेवा, असा प्रकाशकांचा आग्रह आहे म्हणतेस. ठेव की. किष्किंधाकांडही मारुती महेंद्र पर्वतावर उड्डाणाच्या तयारीत असताना संपतं. पण त्याआधी संपातीने सीतेचा ठावठिकाणा सांगितलेला असतो. ‘सीता कुठे आहे’ हा त्या कांडाचा प्रश्न, आणि तो त्या कांडातच सुटतो. तू पहिल्याच प्रकरणात विचारलं आहेस, की शाई कुणी चोरली? तीनशे पानांनंतर वाचकाला उत्तर मिळत नाही, मिळते ती आणखी एक कुलूपबंद पेटी. चोराचं नाव याच भागात सांग. माझ्या मते तो तिचा बापच असावा, पण ते तुझं तू ठरव.

सुधारलेला खर्डा कागदावर छापून पाठव, पडद्यावर वाचून माझे डोळे चुरचुरतात. समासही जरा रुंद ठेव. मामीलाही लिहायला जागा हवी आहे.

तुझा,
मामा