कोठारात जागा उरली नाही तेव्हा

शास्त्रभाग : लूक 12:13-21



मूर्ख श्रीमंत माणसाचा दाखला आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. पण तो कशावरून सुरू झाला, हे पटकन आठवत नाही. गर्दीतल्या एकाने प्रभूला विनंती केली, की माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. त्याचा हक्क कदाचित खराही असेल. प्रभूने मात्र मध्यस्थी करायला नकार दिला आणि सगळ्यांनाच लोभापासून सांभाळायला सांगितलं. वाटणीवरून बोलणं बंद झालेली, उपासनेला आली तरी वेगवेगळ्या बाकांवर बसणारी भावंडं आपल्याही मंडळ्यांत आहेत. तेव्हा हा दाखला काही परक्यांसाठी नाही.

16 वं वचन सावकाश वाचा. पीक कोणी दिलं? जमिनीने. वाक्याचा कर्ता जमीन आहे, तो माणूस नाही. मग तो बोलायला लागतो आणि सगळं ‘माझं’ होऊन जातं : माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, अगदी माझा जीवसुद्धा. पेरणारे, कापणारे, ओझी वाहणारे मजूर त्याच्या बोलण्यात कुठेच नाहीत. पाऊस नाही, देव नाही. सल्लासुद्धा तो स्वतःलाच विचारतो. त्याने चोरी केल्याचं किंवा कुणाला फसवल्याचं लिहिलेलं नाही. मला भीती वाटते ती त्याच्या या एकटेपणाची.

मग साठवणं पाप आहे का? आमच्या तरुण संघात एकाने हेच विचारलं. त्याची नोकरी गेली तेव्हा पाच महिने घराचा हप्ता आणि आईची औषधं बचतीतूनच भागली. त्याला मी मूर्ख म्हणू? मुळीच नाही. उत्पत्ती 41 मध्ये योसेफानेही कोठारं भरली, सात वर्षं, पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढून. (पुढे त्याने ते धान्य विकलं आणि लोकांच्या जमिनी फारोकडे गेल्या. तो 47 वा अध्याय अवघड आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) पण साठवताना योसेफाच्या डोळ्यांपुढे लोकांची भूक होती. या श्रीमंतापुढे फक्त स्वतःचं ताट.

इ.स. 368 च्या सुमारास कैसरियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीत, मोठा दुष्काळ पडला. तिथल्या बासिलने याच दाखल्यावर उपदेश केला. तो स्वतः सधन घरातला होता. त्याचं म्हणणं साधं होतं : कोठाराला जागा नाही म्हणतोस? गरिबांची पोटं आहेत की! पेटीत नुसता पडून असलेला अंगरखाही तो उघड्या माणसाचाच मानायचा. त्याचा मित्र ग्रेगरी सांगतो, की बासिलने श्रीमंतांना त्यांची कोठारं उघडायला लावली.

20 व्या वचनात देव त्या माणसाचा जीव मागतो. तिथला मूळ ग्रीक शब्द दिलेली वस्तू किंवा कर्ज परत मागण्यासाठीही वापरला जायचा. ईएमआय भरणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं समजवायला नको. ज्या जिवाला तो ‘माझा’ म्हणत होता, तोच उसना निघाला.

आणि हो, ‘देवाला दे, दहापट परत मिळेल’ ही शिकवण मला पटत नाही. ती कोठार मोठं करायचीच दुसरी युक्ती वाटते.

पगाराच्या दिवशी, एसआयपीची रक्कम वळती होण्याआधी, मी वहीत नावं लिहिते. ज्यांच्या कष्टांवर माझा महिना चालतो त्यांची : स्वयंपाकाच्या मावशी, रात्रपाळीचे वॉचमन काका, ऑफिसचा मजला पुसणारी मुलगी. मग प्रार्थनेत एकेका नावावर थांबते आणि प्रभूला विचारते, यांच्यापैकी कुणाच्या घरी या महिन्यात कमी पडतंय? कधी उत्तर पैशाचं असतं, कधी फक्त त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायचं. तुम्हीही करून बघा. पहिल्या महिन्यात निम्म्या लोकांची नावंच ठाऊक नसतील, ती विचारण्यापासून सुरुवात करा.

उद्या 22 व्या वचनापासून पुढे वाचू. तिथे प्रभू शिष्यांना कावळे दाखवतो, ज्यांच्याकडे कोठार नावाची गोष्टच नाही.