स्मृतिपदके : इतिहासाच्या पाठाचे एक साधन

इतिहासाच्या तासाला राजांची नावे व सनावळ्या मुखोद्गत करून घेतल्या जातात. ही माहिती मुळात कशावरून मिळाली, हा प्रश्न मात्र विद्यार्थ्याच्या मनात क्वचितच उद्भवतो. साधन हाती घेऊन त्यास प्रश्न विचारण्याची सवय लावावयाची असेल, तर ते साधन लहान, टिकाऊ व मुलांना सहज न्याहाळता येईल असे असावयास हवे. स्मृतिपदक हे असे साधन होय. प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत त्याचा उपयोग कसा करावा, याचे दिग्दर्शन येथे केले आहे.

नाणे व पदक यांतील भेद

नाण्यास बाजारात मोल असते. पदकाने काहीही विकत मिळत नाही. एखाद्या व्यक्तीची वा घटनेची आठवण राहावी, एवढ्यासाठीच ते घडविले जाते. युरोपात या कलेचा आरंभ इटलीतील पिझानेल्लो या चित्रकाराकडे देतात. बायझंटाईन सम्राट आठवा जॉन १४३८ मध्ये धर्मपरिषदेसाठी फेरारा नगरीत आला, त्या प्रसंगी त्याने सम्राटाचे पदक घडविले. त्याच्या एका बाजूस उंच टोपी घातलेल्या सम्राटाचा मुखवटा असून दुसऱ्या बाजूस तो घोड्यावर आरूढ झालेला दिसतो. पुढे १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले व ते साम्राज्य लयास गेले. पदक मात्र राहिले.

पदके दोन रीतींनी करतात. वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले ते ओतीव पदक. पोलादी ठशांमध्ये धातूची चकती दाबून काढलेले ते ठशाचे पदक. पिझानेल्लोचे पदक ओतीव होते.

तीन पदकांचा अभ्यास

१. श्रीरंगपट्टणचे पदक. ४ मे १७९९ रोजी इंग्रजांनी श्रीरंगपट्टण जिंकले व टिपू सुलतान लढता लढता पडला. या विजयाप्रीत्यर्थ ईस्ट इंडिया कंपनीने पदक काढले. त्याच्या एका बाजूस सिंहाने वाघास खाली लोळविले आहे. सिंह म्हणजे इंग्लंड, आणि वाघ हे टिपूचे प्रसिद्ध चिन्ह. दुसऱ्या बाजूस किल्ल्यावरील हल्ल्याचा देखावा असून सूर्य माथ्यावर आहे. कारण हल्ला भर दुपारी झाला होता. हे पदक सर्वांना सारखे मिळाले नाही. वरिष्ठांना सोन्याचे, त्याखालच्यांना हुद्द्याप्रमाणे सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे, चांदीचे वा कांशाचे, आणि साध्या शिपायास कथलाचे. म्हणजे चित्र तेच, पण धातूवरून माणसाची पायरी ठरते.

२. लुसिटानियाचे पदक. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने लुसिटानिया ही इंग्रज प्रवासी आगबोट बुडविली. सुमारे १,२०० माणसे मृत्यू पावली. म्युनिकच्या कार्ल गेट्झ या पदककाराने त्यावर उपरोधिक पदक काढले. एका बाजूस तोफा व विमाने लादलेली बुडती बोट, तर दुसऱ्या बाजूस तिकिटे विकणारा हाडांचा सापळा. धंद्यासाठी बोटीच्या मालकांनीच उतारूंना मृत्यूच्या दारी नेले, असे त्यास सुचवावयाचे होते. परंतु पदकावर त्याने ५ मे ही तारीख घातली. वृत्तपत्रातील चुकीच्या मजकुरामुळे हे घडले, असे त्याने पुढे सांगितले व तारीख दुरुस्त केली. इंग्रजांनी मात्र पहिल्याच पदकाच्या निदान अडीच लाख प्रती काढून, दोन दिवस आधीची तारीख हा पूर्वनियोजित कटाचा पुरावा होय, असा प्रचार केला. वस्तुतः बोटीवर बंदुकांची काडतुसे होती. तोफा चढविलेल्या नव्हत्या. एकाच पदकात अशा रीतीने दोन्ही पक्षांचा खोटेपणा सापडतो.

३. मृतांच्या वारसांचे पदक. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यासाठी मरण पावलेल्या प्रत्येक सैनिकाच्या वारसास १२ सेंटिमीटर व्यासाची कांशाची थाळी देण्यात आली. अशा तेरा लाखांहून अधिक थाळ्या घडविल्या गेल्या. तीवर ब्रिटानिया देवता व सिंह असून मृताचे केवळ नाव आहे, हुद्दा नाही. बलिदानात उच्चनीच नसावे, हा हेतू. श्रीरंगपट्टणच्या पदकाशी याची तुलना अवश्य करावी. त्या युद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक कामी आले. महाराष्ट्रातील काही गावांत, येथून इतके पुरुष युद्धास गेले व इतके परतले नाहीत, अशा मजकुराच्या शिळा आजही आढळतात. थाळीवरील इंग्रजी ओळीचा आशय, तो स्वातंत्र्यासाठी व सन्मानासाठी मेला, असा आहे. ज्या मातेचा देश परतंत्र होता, तिने हे स्वातंत्र्य कोणाचे समजावे? हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा व उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्यावे.

वर्गातील कार्य

फळ्यावर दोन मोठी वर्तुळे काढून पदकाच्या दोन्ही बाजूंचे रेखाटन करावे आणि पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत : (अ) काय दिसते? (आ) हे कोणी करविले व कोणास दिले? (इ) पाहणाऱ्याने काय मानावे, अशी त्यांची इच्छा होती? (ई) काय दाखविलेले नाही? (उ) खरेखोटे ठरविण्यास आणखी कोणते साधन पाहावे लागेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरे झाल्यावाचून दुसऱ्याकडे वळू नये. मुले पाहण्याआधीच अनुमान करू लागतात.

संग्रहाविषयी सूचना

गावात एखाद्या घरी सैनिकाचे पदक असल्यास ते शाळेसाठी मागून घेऊ नये. ती त्या कुटुंबाची ठेव आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या संमतीने व त्यांच्यादेखत पदकावर पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवावी; ठसा उत्तम उमटतो. त्याशेजारी व्यास, धातू, अक्षरे व कुटुंबीयांनी सांगितलेली हकीकत लिहावी. अशा ठशांची वही हाच शाळेचा संग्रह समजावा.

पदक चिंच वा राख लावून घासू देऊ नये. घासल्याने झळाळी येते, परंतु बारीक अक्षरे झिजतात व धातूवर कालांतराने चढलेला रक्षक थर निघून जातो. कोरड्या मऊ फडक्यात गुंडाळून ठेवणे पुरेसे आहे. जुनी कांशाची वस्तू मोडीत वजनावर जाते, तेव्हा तीवरील नावही वितळते. घरोघर ही गोष्ट समजावून सांगणे शिक्षकास सहज शक्य आहे.

केंद्राच्या पुढील संमेलनात प्रत्येक शाळेने आपली ठशांची वही मांडावी, म्हणजे परस्परांच्या नोंदी ताडून पाहता येतील.