अडखळण्याचा अभ्यास

अशी कल्पना करा. एक तरुणी किराणा दुकानात जाते. "सा-सा-सा..." तिचा शब्द पुरा होण्याआधीच दुकानदार विचारतो, "साबण? साबुदाणा?" मागचे गिऱ्हाईक हसते. तिला हवी असते साखर!

गंमत अशी, की ही तरुणी तोतरी मुळीच नाही. ती वाचोपचाराची विद्यार्थिनी आहे आणि मुद्दाम अडखळणे हा तिच्या अभ्यासाचा भाग आहे.

तोतरेपणा म्हणजे बोबडेपणा नव्हे. बोबड्या बोलण्यात वर्णाचा उच्चार बदलतो; तोतरेपणात शब्द ठाऊक असूनही बोलण्याचा ओघ तुटतो. कधी आवाज पुन्हा पुन्हा येतो, कधी लांबतो, तर कधी ओठ हलूनही आवाजच फुटत नाही. शंभरांपैकी सुमारे पाच मुले लहानपणी काही काळ अशी अडखळतात. त्यांतील बहुतेकांचे बोलणे पुढे सुधारते. मोठ्या माणसांत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असते. बोलण्याच्या हालचालींचा मेळ घालणारी मेंदूतील यंत्रणा आणि आनुवंशिकता यांच्याशी याचा संबंध आहे, बुद्धीशी नाही.

उपचारतज्ज्ञाला प्रथम मोजायला शिकावे लागते. 'साखर' या शब्दाचे उच्चारात 'सा' आणि 'खर' असे दोन तुकडे पडतात. ध्वनिमुद्रित बोलण्यात असे ३०० तुकडे असून १८ ठिकाणी अडखळणे झाले, तर प्रमाण शेकडा ६. "सा-सा-सा-साखर" हे अडखळणे एकदाच मोजायचे, बरे का!

पण अडखळणाऱ्याच्या मनातली धास्ती कशी मोजणार? अमेरिकेतील चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५–१९९४) हे स्वतः तोतरे बोलत. पुढे ते याच विषयाचे नामवंत शिक्षक झाले. ते आपल्या विद्यार्थ्यांना लोकांत जाऊन मुद्दाम अडखळायला लावीत. आजही अनेक ठिकाणी हा पाठ दिला जातो. नक्कल केल्याने तोतरेपणा जडेल, ही भीती व्यर्थ आहे. मात्र ही नक्कल चेष्टेची नव्हे. ऐकणाऱ्याची नजर, घाई आणि हसू स्वतः अनुभवले, की "सावकाश बोल" हा सल्ला किती अपुरा आहे ते उमगते.

आपल्याकडे म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत हे शास्त्र शिकवले जाते. पण त्यातला एक धडा तुम्हीही आजच गिरवू शकाल.

अडखळणारा मुलगा पुष्कळदा अवघड शब्द टाळून दुसरा वापरतो. पण स्वतःचे नाव कसे बदलणार? हजेरीच्या वेळी 'हजर'ऐवजी काय म्हणणार? तो गप्प राहिला, तर वर्गात बसूनही गैरहजर ठरायचा!

म्हणून वर्गात कोणी अडखळले, तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. त्याच्याकडे नेहमीसारखे पाहा आणि थांबा. गुरुजी, आपणही थांबा. उत्तर त्याला येत असते. हवा असतो तो थोडा वेळ.