लिनक्स आणि बिऱ्हाडातली पेटी

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ असा समज आपल्या विद्यार्थिवर्गात रूढ आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि आमच्या घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स आले. तेव्हा या समजाची छाननी करणे मला अगत्याचे वाटले.

समज अगदीच निराधार नाही. लिनक्समध्ये ‘रूट’ हा वाड्याचा मालक आणि आपण बिऱ्हाडकरू. परवलीचा शब्द दिल्याखेरीज आपल्याला भिंतीत खिळाही ठोकता येत नाही. परंतु बिऱ्हाडातली पेटी आपलीच असते! आपल्या नावाने चालणारा प्रोग्रॅम आपल्या फायली वाचू शकतो, पुसू शकतो, कुलूपबंद करून खंडणी मागू शकतो. त्याला रूटची गरज पडत नाही. आमच्या संगणकात सातबाऱ्याची प्रत, बहिणीचा जातीचा दाखला आणि आईच्या बचत गटाचा हिशेब आहे. लिनक्स बिघडले तर पुन्हा घालता येते. हिशेब कोठून आणावा?

म्हणून चोर आत येतो कसा, हे पाहावे. बहुधा आपणच त्याला दार उघडतो. कोठेतरी वाचलेली ‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा अर्थ न कळता चालवणे म्हणजे मालकाच्या किल्ल्या परक्याच्या हाती देणे होय. प्रोग्रॅम लिनक्सच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावेत; तेथे प्रत्येकावरची सही संगणक स्वतः तपासतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर हल्लेखोरांनी मूळ प्रतीऐवजी चोरवाट ठेवलेली प्रत लोकांच्या गळ्यात मारली होती. म्हणून उतरवून घेतलेल्या प्रतीचीही सही पडताळावी. भांडारही अभेद्य नव्हे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या साधनात लपवलेली चोरवाट उघडकीस आली, ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनमध्ये अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला म्हणून. ती लवकर सापडली, हे आपले नशीब. अशी भोके बुजवण्यासाठीच अद्ययावत आवृत्त्या वेळच्या वेळी घ्यायच्या असतात.

उबुंटूत ‘यूएफडब्ल्यू’ नावाची फायरवॉल असते, पण आपण चालू करीपर्यंत ती निजलेलीच. ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ एवढे पुरते. दूरून प्रवेश देणारी ‘एसएसएच’ सेवा लागत नसेल तर ठेवूच नये.

राहिली पेटी. आमच्याकडे दर रविवारी तिची प्रत पेनड्राइव्हवर निघते आणि पेनड्राइव्ह लगेच काढून ट्रंकेत जातो. जोडलेला राहिला तर त्याचीही तीच गत व्हायची.