एक उच्चार, दोन शब्द



इंग्रजी भाषेंत कांहीं शब्द जुळ्या भावंडांसारखे असतात. रूप सारखें, स्वभाव मात्र निराळा. ‘प्रिन्सिपल’ हा उच्चार असाच दोन शब्दांचा आहे. एकाच्या शेवटीं ‘पी, ए, एल’ हीं अक्षरें येतात. दुसऱ्याच्या शेवटीं ‘पी, एल, ई’. दोहोंचें मूळ ‘प्रथम’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांत असल्यामुळें त्यांचें रूप इतकें जुळतें.

‘ए’ असलेल्या शब्दाचा अर्थ मुख्य. महाविद्यालयाचे प्राचार्य ते प्रिन्सिपल, आणि कर्जाची मूळ रक्कम, म्हणजे मुद्दल, तीही प्रिन्सिपलच. दुसऱ्या शब्दाचा अर्थ तत्त्व अथवा नियम. जसें, आर्किमिडीजचें तत्त्व. ‘ए’ हें इंग्रजी वर्णमालेंतील पहिलें अक्षर. म्हणून ज्यांत तें आहे तो शब्द मुख्य गोष्टीचा, एवढी खूण लक्षांत ठेवावी.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. समजा, आपल्या झरी गांवच्या एका शेतकऱ्यानें ५०,००० रुपये दरसाल दर शेंकडा ७ व्याजानें घेतले. वर्षअखेर व्याज ३,५०० रुपये झालें, व त्यानें १०,००० रुपये भरले. पावतीवर ‘प्रिन्सिपल’ या शब्दापुढें ६,५०० हाच आंकडा पाहून तो मुलास विचारतो, “बाळ, बाकीचे साडेतीन हजार गेले कोठें?” मुलानें त्या शब्दाचा अर्थ ‘तत्त्व’ असा केला, तर वडिलांच्या शंकेचें निरसन कसें व्हावें? ज्यास खरा अर्थ ठाऊक आहे तो सांगेल कीं, भरण्यांतून आधीं व्याज वळतें झालें, उरलेल्या रकमेनें मुद्दल घटलें. आतां ४३,५०० रुपये मुद्दल राहिलें.

दोन्ही शब्द एकत्र पाहावयाचे असल्यास दामदुपटीचें उदाहरण घ्यावें. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक नसावें, हा आपल्याकडील जुना नियम मनुस्मृतींत आढळतो. इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींही तो मानला होता. यांतील नियम तो ‘ई’चा प्रिन्सिपल, आणि मुद्दल तें ‘ए’चें.

तेव्हां मुलांनो, घरीं इंग्रजी कागद आला कीं वडिलांजवळ बसून तो सावकाश वाचा. अडलेल्या शब्दाचा अर्थ गुरुजनांस विचारा. आणि पालकांनींही तो अर्थ नीट उमगेपर्यंत सहीची घाई करूं नये.