जुनी फियाट पुन्हा रस्त्यावर

मुंबईत ‘फियाट’ म्हटले की ती कोणती गाडी, हे कुणाला सांगावे लागत नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ती गाडी. आपण तिच्यात बसलो आहोत, तिच्या टपावर लग्नाचे सामान बांधले आहे, पावसात तिला धक्काही मारला आहे. ही गाडी आपल्या कुर्ल्याला तयार होत असे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, आणि १९५४ च्या सुमारास फियाट ११०० ही गाडी आली. तिचे अंग गोल गरगरीत. मुंबईकरांनी तिला नाव दिले ‘डुक्कर फियाट’! १९६४ साली चौकोनी अंगाची ‘डिलाइट’ आली. तीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. २००० सालाच्या सुमारास ती बनणे थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. ती भरली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून फियाट टॅक्सी बंद झाली.

टॅक्सी गेल्या. पण घरच्या गाड्या अजून आहेत. गिरगावच्या एखाद्या वाडीत, दादरला एखाद्या जुन्या इमारतीच्या मागे, ताडपत्रीखाली फियाट उभी दिसते. टायर बसलेले, काचेवर धूळ. विकायला मन होत नाही, चालवायला गाडी होत नाही.

समजा, दादरच्या एका घरी अशी १९७२ सालची फियाट आहे. वडिलांनी घेतलेली. मागे गॅरेजची एक खोली आहे. मुलाने ठरवले, गाडी घरीच उभी करायची. त्याने लालबागहून एक म्हातारा मिस्त्री बोलावला. मुलाच्या मनात पुष्कळ बेत होते. नव्या गाडीचे इंजिन बसवायचे, थंड हवेचे यंत्र बसवायचे, हँडलजवळचा गियर काढून खाली आणायचा.

मिस्त्री म्हणाला, “दादा, ते सगळं मागाहून. आधी पुस्तक दाखवा.”

“कसलं पुस्तक?”

“गाडीचं. आरसी पुस्तक.”

मिस्त्रीचे बरोबर होते. जुन्या गाडीचे काम पान्ह्याने सुरू होत नाही, वाचनाने सुरू होते. आरसी पुस्तकात गाडी कोणत्या सालची ते लिहिलेले असते. इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो. हे दोन्ही नंबर गाडीवरही ठोकलेले असतात. बॉनेट उघडावे, चिंध्या आणि रॉकेल घेऊन ती जागा पुसावी, आणि एकेक आकडा पुस्तकाशी जुळवून बघावा. एखाद्याने मागे कधी इंजिन बदलले असेल आणि नोंद केली नसेल, तर ते इथेच कळते. रंगाची नोंदही बघावी. पुस्तकात पांढरा आणि गाडी निळी, असे पुष्कळदा असते.

साल का बघायचे? कायद्याने आता दोन वाटा आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल, आणि तिचे इंजिन, सांगाडा, अंग मूळचेच असेल, तर तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. त्या नियमात नोंदणीची फी २०,००० रुपये ठेवली. नोंद दहा वर्षे चालते, मग ५,००० रुपये भरून वाढवता येते. आधीचा नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोज कामाला नेता येत नाही. प्रदर्शनाला, शर्यतीच्या फेरीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची.

दुसरी वाट नेहमीची. पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी होते आणि नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. ही गाडी रोज चालवा. मात्र मनाला येईल ते बदल तिच्यातही करता येत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याचे कलम ५२ सांगते की, कारखान्याने लिहून दिले त्यापेक्षा वेगळी गाडी परवानगीवाचून करू नये. इंजिन बदलायचे, गॅसचे किट लावायचे, तर आधी आरटीओ. न विचारता केले, आणि पुढे अपघात झाला, तर विम्याचे पैसे अडतात.

आता बघा. १९७२ ची गाडी पन्नाशी ओलांडून गेली आहे. तिच्यात दुसरे इंजिन बसवले की पहिली वाट बंद. एकदा कापलेला पत्रा पुन्हा मूळचा होत नाही. मुलाचा बेत मिस्त्रीने एवढ्याचसाठी थांबवला. माझेही मत तेच आहे. हे चार सिलिंडरचे १०८९ सीसीचे इंजिन साधे आहे. रिंग-पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह नीट केले की ते पुन्हा उभे राहते. ते फेकून देण्यात शहाणपण नाही. हँडलजवळचा गियर तर मुळीच काढू नये. त्याच्यामुळे पुढे तिघे बसतात!

मग नवे काय करायचे? जिथे जीव जाईल, तिथे नवे करायचे.

पहिला पत्रा. ट्रकला खाली वेगळी चासी असते, तशी फियाटला नाही. तळाचा पत्रा, दारांखालची पेटी, खांब, हे सगळे मिळून गाडी उभी असते. मुंबईची हवा खारी. हिंदमाताला दर पावसाळ्यात पाणी तुंबते, आणि त्यातून गेलेली गाडी ते पाणी सतरंजीखाली घेऊन येते. पत्रा आतून कुजतो, वरून रंग छान. यासाठी एक लोहचुंबक घ्यावे आणि कडेकडेने फिरवावे. जिथे ते चिकटत नाही, तिथे खाली पत्रा नाही, नुसती लांबी भरलेली आहे. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा. वर पुन्हा लांबी थापून रंग मारणारे पुष्कळ भेटतात. ते काम स्वस्त पडते आणि गाडी मध्येच खचते. सीटचे पट्टे बसवायचे तेही चांगल्या पत्र्यावर, मागे जाड लोखंडी पट्टी देऊन. कुजक्या पत्र्यावरचा पट्टा धक्क्याला उपटून येतो.

दुसरे, आणि सगळ्यांत मोठे, ब्रेक. हे नीट समजून घ्या. पायाखालचा दांडा दाबला की एका नळकांड्यातले तेल ढकलले जाते. त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. ते तेल नळ्यांतून चारी चाकांकडे जाते. तिथे ते ब्रेकचे जोडे ड्रमवर दाबते, आणि चाक थांबते. जुन्या फियाटीत चारी चाकांना तेल देणारी वाट एकच. एक नळी फुटली, एक रबर फाटले, की तेल तिथून गळते आणि चारी चाकांचा ब्रेक एकदम जातो. परळच्या पुलावरून उतरताना असे झाले तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून दोन वाटांचा मास्टर सिलिंडर बसवतात. एक वाट पुढच्या चाकांची, दुसरी मागच्या. एक गेली तरी दुसरी थांबवते. पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क बसवतात त्याचेही कारण आहे. पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी राहते आणि काही वेळ ब्रेक धरत नाही. डिस्क उघडी असते, ती लवकर कोरडी होते. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे, आणि व्हिंटेजची नोंद हवी असेल तर आधी आरटीओत विचारावे. सिलिंडर बदलायचा नसेल, तर निदान सगळी रबरे आणि नळ्या नव्या घालाव्यात.

ब्रेकचे तेल घेताना डब्यावरचे वाचा. ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असे लिहिलेले असते. इंजिनाचे तेल ब्रेकमध्ये कधीही घालू नये. रबर फुगते आणि ब्रेक अडकतो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा ओढते, म्हणून उघडा राहिलेला डबा वापरू नये. सुटे भाग ऑपेरा हाऊसकडच्या दुकानांत मिळतात, काही चोर बाजारातही मिळतात. लोखंडी वस्तू जुनी चालेल. रबराची चालणार नाही. वीस वर्षे पाकिटात पडलेले रबर दिसायला नवे असते, दाबले की चिरते. पाकिटावर तारीख असेल तर ती बघावी.

विजेचे काम थोडक्यात सांगतो. जुन्या फियाटीत डायनॅमो असतो. गाडी सिग्नलला उभी, इंजिन हळू, दिवे चालू, अशा वेळी तो पुरेशी वीज देत नाही आणि बॅटरी उतरते. अल्टरनेटर बसवला की हा त्रास जातो. मूळचा डायनॅमो पुसून, तेल लावून जपून ठेवावा. तारा मात्र सगळ्या नव्या ओढाव्यात. फ्यूज उडाला की त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे लोक आहेत. फ्यूज उडतो तो गाडी जळू नये म्हणून. चांदी उडत नाही, मग तार जळते.

पेट्रोलही आता बदलले आहे. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. त्या पाझरतात, आणि खाली गरम इंजिन! नळ्या नव्या घाला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी पेट्रोलने भरून ठेवू नये.

घरी काम करताना खोलीचे दार उघडे ठेवावे. टाकी काढून बाहेर नेल्याशिवाय वेल्डिंग नको. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नये. दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावाव्यात, गाडी हलवून बघावी, मगच खाली जावे. ड्रममधली काळी धूळ फुंकू नये. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते, ते छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावे.

आणि एक वही करावी. मिस्त्रीने मुलाला हेच काम आधी दिले. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालायचा, वर चिठ्ठी लावायची. “डावे पुढचे चाक, आतले चार नट.” “कार्बुरेटर, लहान स्प्रिंग एक.” मुलगा हसला. म्हणाला, “एवढं माझ्या लक्षात राहील की!” मिस्त्री म्हणाला, “आज राहील. पावसाळ्यानंतर राहील का?” घरातल्या मुलांनाही या चिठ्ठ्या लिहायला बसवावे. वहीत खर्चही लिहावा. पत्र्याचा खर्च नेहमी अंदाजापेक्षा जास्त निघतो, कारण खरा कूज कापल्यावरच दिसतो.

गाडी जोडून झाली, कागद आणि विमा हातात आला, की पहिली फेरी पहाटे काढावी. रस्ता मोकळा असतो. पूल टाळून, हळू, दोन-तीन मैल. मध्ये चार-पाच वेळा ब्रेक दाबून बघावा, गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. परत आल्यावर चारी चाकांजवळ हात न्यावा. तीन थंड आणि एक तापलेले लागले, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. घोडी लावून ते चाक पुन्हा उघडावे.